पाष्टेकाकांचे उमेदवार देश

सकाळी उठल्यावर माणूस देवाचं नाव घेतो. आमचे पाष्टेकाका आल्बेनियाचं घेतात. कंपनीची बस पावणेपाचला सुटते. त्याआधी बेसिनच्या कडेला मोबाईल उभा करून, तोंडात फेस असतानाच ते मला विचारतात, "साळवी, आल्बेनियाचं काय झालं रे?"

मी त्यांचा रूममेट. आल्बेनियाचं काय व्हायचं होतं, हे मला कधीच ठाऊक नसतं. मी पांघरुणातूनच सांगतो, "काही नाही झालं काका."

"मग बसलेत कशाला मेले तिकडं?"

हे मेले म्हणजे युरोपीय संघ.

अल खफजी हे कुवेतच्या सीमेला टेकलेलं सौदीतलं गाव. एका बाजूला समुद्र, समुद्रात तेल, आणि गावाबाहेर आमच्यासारख्यांचे कॅम्प. मी एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाला नंबर द्यायचा आणि कागद बदलला की त्यावर रिव्हिजन शून्य, रिव्हिजन एक असं लिहायचं. काका स्कॅफोल्डिंगचे फोरमन, म्हणजे उंचावर काम करायला पाइपांची परांची बांधणाऱ्यांचे मुकादम. मूळ संगमेश्वर तालुक्यातले. वय छप्पन्न, त्यातली बावीस वर्षं सौदीत. अंगानं काटक, आवाजानं दणदणीत.

कॅम्पात प्रत्येकाच्या खाटेच्या वर भिंतीवर काही ना काही असतं. कोणाचा गणपती, कोणाची मक्का, कोणाची पोरं. काकांच्या खाटेवर युरोपचा नकाशा आहे आणि त्याखाली संघात शिरू पाहणाऱ्या देशांची यादी. आल्बेनिया, माँटेनेग्रो, सर्बिया, मोल्दोव्हा, युक्रेन, उत्तर मॅसेडोनिया, तुर्कस्तान. प्रत्येक नावाला साइटवरचा जुना टॅग लटकवलेला. परांची सुरक्षित असेल तर तिला हिरवा टॅग लागतो, नसेल तर लाल, आणि लाल टॅग असताना वर पाऊल टाकलं की नोकरी गेली. काकांच्या भिंतीवर सगळे लाल. माँटेनेग्रोला मात्र लालच्या मागं एक हिरवा लपवून ठेवलाय. वेळ आली की नुसता उलटायचा.

त्या संघाचा कारभार काकांनी मला इतक्यांदा समजावलाय की मी झोपेतही सांगेन. आत यायचं असेल तर पस्तीस प्रकरणांवर वाटाघाटी कराव्या लागतात. न्यायालयांपासून मासेमारीपर्यंत सगळं. एकेक प्रकरण उघडायचं, अटी पुऱ्या करायच्या, मग ते बंद करायचं. आणि प्रत्येक पायरीला आधीपासून आत बसलेल्या सगळ्यांचा होकार लागतो. एकानं जरी नकारार्थी मान हलवली तरी गाडं अडलं. हे काकांनी कॅम्पातल्या बांगलादेशी न्हाव्यालाही समजावलं, तेही त्याचा वस्तरा गळ्याशी असताना. न्हावी ऐकता ऐकता थांबला आणि काका अर्धी दाढी घेऊन पाऊण तास बोलले.

हे खूळ आलं कुठून? तर पूर्वी समुद्रातल्या एका कामावर गोरान नावाचा सुपरवायझर होता, मॅसेडोनियाचा. शेजारच्या ग्रीसनं हरकत घेतली म्हणून त्यांच्या देशानं आपलं नाव बदललं, 'उत्तर' लावून घेतलं. वाटलं, आता आत घेतील. तर दुसरा शेजारी बल्गेरिया उभा राहिला, म्हणे तुमचा इतिहास आधी नीट करा. गोराननं हे हसत हसत सांगितलं. काकांना मात्र हसू आलं नाही. "नाव बदललं? अख्ख्या देशाचं? आनि तरी दारातच?" असं त्यांनी तीनदा विचारलं म्हणे. त्या दिवसापासून दाराबाहेर उभे असलेले सगळे देश काकांचे झाले.

एकदा त्यांनी ब्रसेल्सला पत्रही धाडलं. मराठीत सांगितलं, मी इंग्रजीत उतरवलं. मजकूर दीड ओळीचा: 'आत घ्यायचं तर घ्या, नाहीतर सरळ नाही म्हणा, पण माणसाला उंबऱ्यावर उभं ठेवू नका.' खाली सही, हुद्दा, इकाम्याचा, म्हणजे सौदीतल्या ओळखपत्राचा, नंबर. मी गंमत म्हणून त्यावर आमच्या ऑफिसच्या पद्धतीनं रिव्हिजन शून्य टाकलं. काकांना ते फार आवडलं. उत्तर अजून यायचं आहे आणि काका अजून वाट बघताहेत.

त्यांचं एक पालुपद आहे: "अट लिहून दे." कॅम्प बॉसनं सांगितलं की व्हरांड्यात चपला ठेवायच्या नाहीत. काका म्हणाले, "अट लिहून दे." बसचा ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या सीटवर बसू नका. "लिहून दे." दाताच्या डॉक्टरनं आठवडाभर सुपारी बंद सांगितली, तर ह्यांनी तोंडात कापूस असतानाच खुणेनं कागद मागितला. मी एकदा वैतागून विचारलं, एवढं काय अडलंय लिहिण्यावाचून? तर म्हणाले, "तोंडी अट वाढते, साळवी. लिहिलेली निदान दिसते तरी." मला वाटलं, म्हातारा अंमळ सटकलाय. खोटं कशाला बोलू, आजही कधीकधी वाटतं.

आता मी ज्यात फारसा शोभून दिसत नाही, तो भाग सांगतो.

गेल्या उन्हाळ्यात कंपनीनं कॅन्टीन बंद करून जेवणाचा भत्ता सुरू केला. कॅम्पाच्या स्वयंपाकघरात शेगड्या मोजक्या, प्रत्येक मेसला, म्हणजे मिळून रांधणाऱ्या गटाला, एक. ज्याला मेस नाही त्याला शेगडी नाही. आमची मेस आधी शुक्रवारपुरती होती, ती आता रोजची झाली. तिच्यात पाच जण: काका, मी, गुहागरचे दोघे साडू आणि म्हसळ्याचे मोहिद्दीनभाई. मोहिद्दीनभाई क्रेन चालवतात आणि सुरमईचं कालवण असं करतात की शेजारच्या मेसवाले केरळी उगाचच मीठ मागायला येतात. नवा माणूस घ्यायचा तर पाचही जणांचा होकार हवा, ही मेसची जुनी रीत. एक नाही म्हणाला की विषय संपला.

त्याच सुमारास हुफूफच्या कॅम्पातून बदलून जाधव आला. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा. कॅम्पाच्या टाक्यांतलं सांडपाणी उपसून नेणारा टँकर तो चालवायचा. मेस नाही म्हणून ब्लॉकच्या मागच्या पायऱ्यांवर एसीच्या गरम वाऱ्यात बसून खुबूसची रोटी आणि डब्यातली मसूर खायचा. एका शुक्रवारी तो आमच्या दारात आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "तुमच्यात जागा असली तर मला घ्या. माझी पाळी मी चुकवणार नाय."

मी विचारलं, "गाव कुठलं?"

"राजापूर तालुका."

"वाडी कुठली?"

कोकणातल्या माणसाला सांगायला नको हा प्रश्न का विचारतात ते. जाधव आडनाव सगळ्यांत असतं, वाडी मात्र एकाचीच असते. जाधवनं माझ्याकडे सरळ बघितलं.

"बौद्धवाडी," तो म्हणाला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानं. "आनि काय विचारायचंय?"

"छे छे, सहज विचारलं," मी म्हणालो. "बघू."

बाकी चौघे तिथल्या तिथं हो म्हणाले. मी बघूच म्हणत राहिलो. मी जातपात मानत नाही, असं मी तोवर मानत होतो. माझी अडचण टँकरची होती, वासाची होती, स्वच्छतेची होती. निदान तसं मी सांगितलं.

काकांनी माझ्यापुढं कागद सरकवला. "अट लिहून दे."

मी दिली. माझा तर धंदाच तो. रिव्हिजन शून्य: कामावरून आल्यावर आंघोळ करूनच स्वयंपाकघरात यावं. काकांनी कागद जाधवला दाखवला. तो म्हणाला, "मी रोजच करतो." झालं, अट पुरी. मग मी रिव्हिजन एक काढलं: कामाचे कपडे आमच्या व्हरांड्यात वाळत घालू नयेत. त्यानं दुसऱ्या दिवशी दोरी काढून ब्लॉकच्या मागं बांधली. रिव्हिजन दोन: ताट-वाटी स्वतःची आणावी. नवीकोरी आणली, वर नाव कोरून. काका प्रत्येक अट पुरी झाली की हिरवा टॅग आणून माझ्या उशीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "प्रकरण बंद. बोल बल्गेरिया, आता काय?"

हे नाव मला तेव्हापासून चिकटलं. आठवड्याभरात बसमधले केरळीसुद्धा मला "बल्गेरिया भाई" म्हणायला लागले. का म्हणतात, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं आणि मी चिडत होतो. चिडलेल्या माणसाचं होतं तेच माझं झालं. मी रिव्हिजन तीन लिहून मोकळा झालो.

त्या शुक्रवारी मोहिद्दीनभाई जुम्म्याची नमाज आटोपून आले होते, कालवण तयार होतं, पानं वाढलेली होती. काकांनी कागद उघडला आणि मोठ्यानं वाचला. "भांडी घासावीत. स्वयंपाकाची पाळी घेऊ नये, शेगडीला हात लावू नये."

 मग मोहिद्दीनभाईंनी पळी टोपात ठेवली आणि मला शांतपणे विचारलं, "साळवी, मी रांधलेलं तू चार वर्षं खातोयस. मग ह्याच्या हाताला काय झालं?"

 माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्याजोगं नव्हतं.

काकांनी कागदाचे चार तुकडे केले. लिहिलेली अट त्यांनी फाडलेली मी पहिल्यांदाच बघितली. मग खिशातून एक लाल टॅग काढला, माझ्या खुर्चीला तारेनं बांधला, आपलं ताट उचललं आणि चालू लागले.

"काका, बाहेर ऊन किती आहे!" मी ओरडलो.

"असू दे. तो बसतोय ना तिथं? मग मीपन बसतो. यल्ला, चला!"

खफजीतलं ऑगस्टचं ऊन म्हणजे काय ते इथं राहिलेल्यालाच कळेल. लोखंडी कठड्याला हात लावला तर फोड येतो. तिथं हा छप्पन्न वर्षांचा माणूस ताट मांडीवर घेऊन जाधवशेजारी बसला. कॅम्प बॉस येऊन ओरडला, इथं जेवायला मनाई आहे. काकांनी काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. कॅम्प बॉसला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, तो निघून गेला.

मला वाटलं, एक दिवसाचं नाटक. पण रोजचं जेवण काका तिथंच घेऊ लागले. पुढच्या शुक्रवारी गुहागरचे साडू उठले. त्यातला धाकटा म्हणाला, "राग नको मानू साळवी, पण लाल टॅगच्या बाजूला बसायला बरं वाटत नाय." वर्षानुवर्षं साइटवर काढलेली माणसं ती, ते त्यांच्या अंगातच मुरलेलं. आणि त्याच्या पुढच्या शुक्रवारी मोहिद्दीनभाईंनी कालवणाचा टोपच उचलला. जाताना माझ्यासाठी पातेलंभर कोरडा भात मात्र ठेवून गेले. त्यांच्यात माणुसकी आहे.

मी त्या टेबलाशी एकटा बसलो. एसी चालू, पंखा चालू, पाच जणांचं मेज आणि त्यावर मी नि भात. मेस माझी होती, नियम माझ्या बाजूनं होता, आणि मागच्या पायऱ्यांवरून हसण्याचा आवाज येत होता. आधी मला त्यांचा राग आला. मग सपाटून लाज वाटली. मी रोज शंभर कागदांना नंबर देतो, पण असला घाणेरडा कागद माझ्या हातून कधी सुटला नव्हता.

मी भाताचं पातेलं घेऊन बाहेर गेलो.  मी म्हणालो, "माझा होकार आहे. आत चला सगळे."

 जाधवनं घास संपवला, बोटं चाटली आणि मला विचारलं, "साळवी, तुमची वाडी कुठली?"

इतक्या जणांसमोर, भर उन्हात, हातात पातेलं घेऊन मला ते सांगावं लागलं. "साळवीवाडी."

"बरं," जाधव म्हणाला. "चालंल मला." मग उठून उभा राहिला. "आता माझं ऐका. भांडी सगळ्यांनी पाळीनं घासायची. पुढल्या शुक्रवारचं कालवण मी करनार. खायचं तर खा, नायतर भात हायच तुमचा."

"खाईन," मी म्हणालो.

धाकट्या साडूला हसू आवरेना. मग सगळेच हसले, शेवटी मीही. टोप, ताटं, पाण्याचे कॅन अशी सगळी वरात आत निघाली. टेबलाशी बसल्यावर लक्षात आलं, काका नाहीत.

ते खोलीत होते. खाटेच्या कडेवर, हातात फोन घेऊन बसलेले. मला वाटलं, आता माझी खेचणार. तर म्हणाले, "बस वाईच."

मी बसलो.

"साळवी, तुला तीन शुक्रवार लागले. आमच्या घराला चौदा वर्षं लागली." ते फोनकडे बघत बोलत होते. "माझी बायको सुनंदा. अंगणवाडीत शिकवते. ती बौद्धवाडीतली. लग्न केलं तेव्हा माझे थोरले भाऊ म्हनाले, घरात घेऊ, पन आधी नाव बदल. तिनं बदललं. मग म्हनाले, माहेरी जायचं बंद. तेपन केलं. मी इथं, ती तिथं गोठ्याशेजारच्या खोलीत. भाऊ अट सांगायचे मला, नि मी फोनवरून सांगायचो तिला. एवढं एक कर, मग घेतील. दर खेपेला हेच. शेवटी म्हनाले, तिच्या खोलीतली ती तसबीर उतरव. तेपन मी सांगितलं तिला, साळवी. ह्याच तोंडानं सांगितलं."

"मग?"

"मग तिनं फोन ठेवलान. तसबीर घेतली, मुलग्याला घेतलं, रस्त्याकडेला स्वतःचं घर बांधलं. नाव पुन्हा सुनंदा. आता भाऊ थकलेत, बोलवायला जातात, ती जात नाय. नि मलापन घेत नाय. नऊ वर्षं झाली. सुट्टीवर गेलो की उतरतो भावाकडं, नि रोज तिच्या दारात जातो. आधी बेड्यातूनच, फाटकाभायेरूनच, परत पाठवायची. मग अंगणात उभ्या उभ्या चहा. यंदा पडवीत बसायला दिलान." हे सांगताना त्यांचा आवाज नकळत चढला, अभिमानानं. "शुक्रवारचा फोन तेवढा उचलते. मुलग्याचं सांगते नि ठेवते."

 ह्या माणसाला मी चार वर्षं वेडा समजत होतो, त्याचं मला वाईट वाटलं. काकांनी नंबर लावला. त्यांना उंचावरच्या कामानं ऐकू कमी येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवर. मी उठायला लागलो, तर त्यांनी मनगट धरून खाली बसवलं.

"हॅलो," बाईंचा आवाज आला. कोरडा, कामापुरता. "संदेशची परीक्षा झाली. पेपर बरे गेलेत."

"बरं. अगं, ऐक. आमच्या मेसमध्ये एका मानसाला घेतला आज. जाधव म्हनून हाय. राजापूरचा." काका अडखळले. "बौद्धवाडीतला."

पलीकडून आलं, "अटी घातल्या असतील तुम्ही लोकांनी."

मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

"घातलेल्या एकानं. मी फाडल्या."

"कोणी?"

"मी. सगळ्यांदेखत. नि ताट घेऊन त्याच्याबरोबर भायेर जाऊन बसलो. दोन आठवडे बसलो."

फोनमधून कुठलीतरी एसटी गेल्याचा आवाज आला. काका फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. मला वाटलं, बाईंनी ठेवला. काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन बघितली.

"तिकडं दोन वाजून गेले असतील ना?" बाईंनी विचारलं.

"व्हय. सव्वादोन."

"जेवलात का?"

 मीच त्यांना कोपरानं ढोसलं.

"नाय," ते म्हणाले. "नाय अजून. अर्ध्यावर उठलो."

"मग जेवा आधी. आणि उद्या करा फोन."

फोन बंद झाला. काका तसेच बसून राहिले, पाठ ताठ, फोन मांडीवर. बाहेरून जाधवची हाक आली, भात निवतोय म्हणून.

"उद्या म्हनाली," काका म्हणाले.

"हो काका. मी ऐकलं."

"उद्या शनिवार ना रे?"

"शनिवार."

"शुक्रवार नाय."

"नाही काका. शनिवारच."

त्यांनी डोळे शर्टाच्या बाहीला पुसले, माझ्यादेखत, काही न लपवता. मग फोन चार्जिंगला लावला, नीट लागला की नाही ते दोनदा बघितलं आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते जेवायला उठले.